जुनी स्पोर्ट्‌स कार : हौस आणि हिशेब



तळेगाव आणि चाकण या दोन औद्योगिक वसाहतींच्या शेजारी आपले सुदुंबरे वसले आहे. जमिनीचे मोल वाढले, तरुणांच्या हाती पैसा आला आणि त्याबरोबर नव्या हौसाही आल्या. जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार बाळगणे ही त्यांतलीच एक. हौसेला माझा विरोध नाही; परंतु तिचा खरा खर्च खरेदीच्या पावतीनंतर सुरू होतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेली एम.जी. टी.सी. ही गाडी घ्या. इंजिन १२५० सी.सी.चे, आसने दोन, रूप अत्यंत देखणे. मात्र पत्र्याआडचा सांगाडा लाकडी आहे. मावळच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, पत्रा गंजतो, कातडी आसनांवर बुरशी चढते. तेव्हा गाडीआधी कोरडी, हवेशीर शेड बांधणे आले. चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्याने खंडाळ्याचा घाट उतरताना ते तापले, की पकड कमी होते. शिवाय दोन आसनांत आपले एकत्र कुटुंब मावत नाही, ते निराळेच!

दुसरी अडचण दुरुस्तीची. या गाडीचा एबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला. एम.जी. या नावाने आज भारतात नव्या गाड्या विकल्या जातात, पण त्या शोरूममध्ये टी.सी.चे सुटे भाग मिळत नाहीत. बोल्टही व्हिटवर्थ मापाचे. नेहमीचे मिलिमीटरचे पाने त्यांना बसत नाहीत. कार्बुरेटर जुळवणारे मिस्त्री दुर्मीळ होत चालले आहेत. त्यातच आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व सील खराब करते. उभ्या गाडीचे नुकसान अधिक.

तिसरी बाब कायद्याची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन वा दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामासाठी नव्हे.

काहीजण म्हणतात, किंमत वाढेल. आम्ही कापडवाले जाणतो, ताका कितीही उंची असो, गिऱ्हाईक येईपर्यंत त्याची किंमत केवळ चिठ्ठीवर असते. या गाड्यांचे गिऱ्हाईक मोजके. तोवर भांडवल अडकून पडते आणि देखभालीचा खर्च मात्र दरवर्षी खात्यावर चढतो.

वडिलोपार्जित जमीन एकदाच विकली जाते. तिच्या पैशातून अशी गाडी घेण्यापूर्वी तरुणांनी घरात बसून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. कोरडी जागा आहे काय? जाणता मिस्त्री जवळ आहे काय? आपल्यामागे ती सांभाळण्याची मुलांची इच्छा आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर अवश्य घ्यावी आणि प्रेमाने जपावी. एक जरी नकार असेल, तर रॅलीत जाऊन डोळे भरून पाहावी. तो आनंदही थोडा नाही. वस्तूचे मालक होता होता तिचे पहारेकरी होण्याची वेळ कोणावर येऊ नये, हीच इच्छा.