म्हातारपणी पडू नये म्हणून
(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



आज इथे म्हातारी आणि तरणी अशी दोन्ही मंडळी आली आहेत. बरे झाले. आजचा विषय दोघांच्याही कामाचा आहे.

घरातले म्हातारे माणूस पडले की आपण काय म्हणतो? "पिकलं पान, गळायचंच!" मला हे बोलणे पटत नाही. पान गळते ते देठ सुकला म्हणून. माणूस पडतो तो उंबरठ्याला पाय अडकून, मोरीत घसरून, नाही तर अंधारात चाचपडताना. यात नशिबाचा भाग थोडा आणि आपल्या हातातला भाग मोठा आहे.

जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांत साठीच्या पुढची माणसे सर्वांत जास्त असतात.

आमच्या आळीतल्या एका आजींचेच पाहा. वय पंच्याहत्तर. पहाटे अंधारात मोरीत गेल्या आणि घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. घरच्यांनी तेल लावून चोळले, पाला बांधला. त्यात आठ दिवस गेले. मग इस्पितळात नेले. तोवर पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. छातीत कफ भरला होता. आजी परत अंगणात आल्याच नाहीत. मोडले होते हाड, पण जीव घेतला अंथरुणाने.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. नीट ऐका.

पहिली गोष्ट घराची. मोरीतले शेवाळ दर आठवड्याला घासून काढा. सांडलेले पाणी लगेच पुसा. मोरीत आणि संडासात भिंतीला लोखंडी दांडी घट्ट बसवून घ्या. उठताना-बसताना हाताला आधार होतो. दांडी नसेल तर मजबूत लाकूड ठोका. पण ते हलता कामा नये. उंबरठ्यावर आणि पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढा, म्हणजे अधू डोळ्यालाही दिसतो. वाटेत दावे, पोती, घमेली टाकू नका. घर सारवले की ओल वाळेपर्यंत म्हाताऱ्यांना त्यावरून जाऊ देऊ नका. रात्री उशाशी बॅटरी ठेवा. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा घोळ पायात येऊ देऊ नका. तळ झिजलेली चप्पल टाकून द्या.

आणखी एक. झोपेतून उठल्यावर ताडकन उभे राहू नये. आधी बाजेवर बसावे. पाय खाली सोडावेत. मिनिटभर थांबावे आणि मग उठावे. एकदम उठले की रक्ताचा दाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही चक्कर येते. तसे होत असेल तर डॉक्टरांना सांगा. मनाने गोळी बंद करू नका. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर तो काढून घ्या. सरकारी रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया फुकट होते.

दुसरी गोष्ट पायांची. माझ्या मते हीच सर्वांत मोठी. एकदा पडायची भीती बसली की म्हातारी माणसे चालणेच सोडतात. सूनही मायेने म्हणते, "मामंजी, तुम्ही उठू नका, मी पाणी देते." माया खरी, पण तिने नुकसान होते. बैल दोन महिने दावणीला बांधून ठेवला आणि मग एकदम नांगराला जुंपला, तर तो चालेल का? माणसाच्या पायांचेही तसेच आहे. बसून राहिले की मांड्यांची ताकद जाते. ताकद गेली की तोल जातो. म्हणजे पडू नये म्हणून बसलेला माणूसच लवकर पडतो!

मग काय करायचे? रोज चालायचे. देवळापर्यंत, नाही तर पारापर्यंत. शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस हे चार व्यायाम करायचे.

एक. न हलणाऱ्या खुर्चीवर बसा आणि हातांचा आधार न घेता उठा. पुन्हा बसा. असे दहा वेळा. जमत नसेल तर आधी हात टेकून करा.

दोन. खिडकीचे गज धरा. टाचा वर उचला, हळूच खाली टेका. दहा वेळा.

तीन. गज धरूनच एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहा. मग दुसऱ्या पायावर.

चार. भिंतीला हात लावून, एका पायाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच ठेवत दहा पावले चाला.

सुरुवातीला घरातले कोणी तरी जवळ उभे राहावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. न्यूझीलंड देशात ओटागो नावाचा प्रांत आहे. तिथल्या जाणकारांनी म्हाताऱ्यांना घरच्या घरी असेच व्यायाम शिकवले. जिथे तीन वेळा पडणे व्हायचे, तिथे ते दोनवर आले. औषध नाही, खर्च नाही!

काठी लागत असेल तर लाजू नका. हात सरळ सोडून उभे राहा. काठीची मूठ मनगटाशी आली पाहिजे. खाली रबरी बूड हवे. दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, दुसऱ्या बाजूच्या हातात काठी धरावी. खाण्यात दूध, डाळ, नाचणी असू द्या. सकाळी थोडे उन्हात बसा.

तिसरी गोष्ट, पडल्यावर काय करायचे. पडलेल्याला घाईने ओढून उचलू नका. कुठे दुखते ते आधी विचारा. जांघेत कळ आहे, पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळले आहे, तर खुबा मोडला असे समजा. चोळू नका. पाय हलवू नका. १०८ नंबरला फोन करा. खुब्याची शस्त्रक्रिया लवकर झाली तर पुष्कळ माणसे परत पायांवर उभी राहतात. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली, तरीही तसेच न्या. आणि आजी-आजोबांनो, पडलात तर लपवू नका. "पोरं रागावतील" म्हणून गप्प बसू नका. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा संभव जास्त असतो.

आता घरचा अभ्यास. आपण अक्षरे शिकलो ती अशा कामासाठीच. आज रात्री वहीत तीन ओळी लिहा. घरात म्हाताऱ्यांचा पाय कुठे अडखळतो? रात्री अंधार कुठे असतो? मोरीत धरायला काय आहे? खाली त्यांच्या गोळ्यांची नावे लिहा. त्या तीन ओळींतले निदान एक काम येत्या बाजारच्या दिवसाच्या आत उरका. पुढच्या वर्गात मी प्रत्येकाची वही पाहणार आहे.