एक कल्पना, एक कथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा होती खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर यांची. परीक्षकांनी नाव बघून गुण देऊ नयेत, म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली होती!

विज्ञानकथेत नायक असते ती एखादी कल्पना.

नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथाच घ्या. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवली की मोबियस पट्टी तयार होते. तिच्यावरून सपाट आकृती एक फेरी सरकवली, तर ती आरशातल्यासारखी उलटी होऊन परतते. मग अवकाशालाच असा पीळ पडला तर? डावी सोंड उजवी होते, उजव्या हाताचा गोलंदाज डावखुरा होतो. गृहीत एकच; पुढचे सारे तर्काने चालते. वाचकही कोडे सोडवू लागतो.

 पुढे नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही नारळीकरांकडे आले.