संगणकांत नवें कार्ड बसवितांना

टेबलावरील संगणकाची पेटी उघडली म्हणजे आंतील मदरबोर्डवर कांहीं लांबट, अरुंद खांचा दिसतात. त्यांना स्लॉट म्हणतात. यंत्रांत मुळांत नसलेली सोय नवें कार्ड या स्लॉटांत बसवून मिळवितां येते. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस आणला, तेव्हां त्यांत असे ५ स्लॉट होते. त्यांची तांत्रिक माहिती कंपनीनें प्रसिद्ध केल्यामुळें इतर कारखानदारांसहि कार्डें तयार करितां आलीं.

त्या काळीं हें काम सोपें नव्हतें. प्रोसेसरचें लक्ष वेधण्यासाठीं कार्डास एक क्रमांक लागे, आणि तो बहुधा जंपर नांवाच्या चिमुकल्या टोपणांनीं मालकासच ठरवावा लागे. १९८९ सालीं निघालेल्या साउंड ब्लास्टर या ध्वनिकार्डाचा मूळ क्रमांक ७ होता. प्रिंटरच्या जोडणीचा क्रमांकहि ७ च! दोघांनीं एकच घंटा वाजविली, तर कोणीं बोलाविलें हें चाकरास कळावें कसें?

१९९५ सालच्या विंडोज ९५ पासून प्लग अँड प्ले पद्धतीच्या कार्डांची ही वांटणी यंत्र स्वतःच करूं लागलें. आज मालकानें संगणक बंद करून विजेची तार काढावी, पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर विद्युत् घालवावी, कार्ड कडांनीं धरून सरळ दाबून बसवावें आणि स्क्रू आवळावा.

परंतु एवढ्यानें काम संपत नाहीं. कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामध्यें एक दुभाषा लागतो, तोच ड्रायव्हर. ३२ बिटांच्या विंडोजसाठीं लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजमध्यें चालत नाहीं, आणि २०२१ सालीं आलेली विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचीच आहे. कारखानदारानें नवा ड्रायव्हर दिला नाहीं, तर निर्दोष कार्डहि अडगळींत पडतें. लिनक्समध्यें पुष्कळ ड्रायव्हरांचें मूळ लिखाण सर्वांस खुलें असल्यामुळें, कारखानदारानें हात झटकले तरी इतर जाणकार तें चालू ठेवूं शकतात.

तात्पर्य, कार्डाची किंमत विचारण्यापूर्वीं सुज्ञ गृहस्थानें दुकानदारास दुसरेंच विचारावें : “आमच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठीं याचा ड्रायव्हर मिळतो काय?” आणि घरांतील जुनें कार्ड बिघडलें असें समजून फेंकून देण्यापूर्वीं हीच चौकशी पुन्हां एकदां करावी. पुष्कळदां मोडलेलें कांहींच नसतें. केवळ दुभाषा गैरहजर असतो.