रावरंभांचा किल्ला, आमचा उंबरा

माझं बालपण सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यात गेलं. घर किल्ल्यातच होतं. गावात 'किल्ला' म्हटलं की लढाई आठवत नाही, वस्ती आठवते. 'कुठं राहता?' 'किल्ल्यात!' एवढं सोपं उत्तर.

हा भुईकोट बांधायला घेतला रावरंभा निंबाळकरांनी आणि तो पुरा केला त्यांचा मुलगा जानोजी यांनी. मूळ नाव रंभाजी. मराठ्यांच्या आपसातल्या दुहीत जे सरदार निजामाला मिळाले, त्यांतले हे एक. 'रावरंभा' हा किताब निजामाकडचाच. यांची जहागीर आधी होती पुण्याच्या आसपास. १७२६च्या सुमारास शाहूमहाराज आणि निजाम यांच्यात अदलाबदल ठरली. रंभाजींनी पुण्याकडचा मुलूख सोडायचा आणि त्याबदली करमाळ्याकडचा घ्यायचा. पुढं १७३०मध्ये पुण्यात बाजीरावांनी शनिवारवाड्याला हात घातला, आणि इकडं माळरानावर आमचा किल्ला उभा राहिला. शाळेत आम्हाला शनिवारवाडा शिकवला, पण या अदलाबदलीबद्दल कोणी बोललं नाही.

निजामाचा चाकर म्हणून रंभाजींना नावं ठेवणं सोपं आहे. पण गावाबाहेर देवीच्या माळावर जाऊन पाहा. कमलाभवानीचं भव्य देऊळ याच घराण्यानं उभं केलं. तुळजाभवानीचंच हे रूप, असं लोक मानतात. देवळाचे शहाण्णव खांब आणि बारवेच्या शहाण्णव पायऱ्या गावकरी अभिमानानं सांगतात, आणि लगेच शहाण्णव कुळांशी त्यांचा धागा जोडतात. चाकरी हैदराबादची, पण कुलदैवत तुळजापूरचं. त्या काळचा मराठा सरदार असा दोन्हीकडं पाय ठेवून उभा होता.

सरदारकी गेली, इंग्रजी अंमल आला. सोलापूर जिल्ह्याच्या १८८४च्या गॅझेटियरमध्ये या किल्ल्याची गणना दख्खनमधल्या मोठ्या किल्ल्यांत केली आहे, आणि आत शंभरेक घरं असल्याची नोंद आहे. म्हणजे तेव्हाच तो सरदारांचा कमी आणि रयतेचा जास्त झाला होता.

आता एक कबुली देतो. आमच्या घराचा उंबरा चांगला घडीव दगडाचा होता. लहानपणी मी आजीला विचारलं, 'हा दगड कुठला गं?' आजी म्हणाली, 'तटाचा, बाळा. ढासळला होता, तुझ्या आजोबांनी उचलून आणला.' त्यात तिला काही गैर वाटलं नाही. मलाही बरीच वर्षं वाटलं नाही. गावातले आणखी किती उंबरे, किती जोती असे तटाच्या दगडांवर उभे असतील, कोणी मोजलेले नाहीत.

परक्या फौजेनं तट पाडला, असं सांगायला आपल्याला आवडतं. आमच्याकडं तो आम्हीच, एकेक दगड करून, घरी नेला. म्हणून दोष कुणा दुसऱ्याला देत नाही. किल्ल्यातल्या माणसांना उठवा, असंही म्हणत नाही. दोनशे वर्षं नांदती वस्ती हाही इतिहासच आहे. एवढंच म्हणतो, की जो तट उरलाय त्याला आता हात लावू नये. मुलांना एकदा बुरुजापर्यंत न्यावं आणि रावरंभांचं नाव सांगावं. आपल्या उंबऱ्याचा दगड कुठून आला, तेही सांगावं. लाज वाटली तरी सांगावं.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)