घोड्यावरचें बिऱ्हाड

बुलढाणा जिल्ह्यांतील धाड हें गांव घाटावरचें. समुद्र तेथून ३०० किलोमीटरांहून अधिक दूर. धाडच्या माणसाला घाट म्हटला म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराची ती कड आठवते, जी उतरलें कीं पूर्णेचें खोरें लागतें. परंतु पीक निघाल्यावर मोकळ्या रानांत मेंढ्यांचा कळप शिरला, मागोमाग लादलेलीं घोडीं व त्यांच्या सावलीनें चालणारीं कुत्रीं आलीं, म्हणजे घर चार भिंतींचेंच असतें असें नाहीं, हें घाटावरच्या लहान पोरालाही कळतें. चाकांवरच्या घरांतून समुद्रकांठ पाहत हिंडण्याची हौस आतां आपल्याकडेही आली आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरणही ठरविलें. ज्यांचें घर पिढ्यान्‌पिढ्या असेंच चालत आलें आणि दरवर्षीं समुद्राच्या वाऱ्यापर्यंत जाऊन परतलें, त्या मेंढपाळ धनगरांचा प्रवास या निमित्तानें श्रोत्यांनीं समजून घेण्याजोगा आहे.

फलटण, बारामती हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. तेथें वर्षाकांठीं सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगरापलीकडे कोंकणांत तोच अडीच-तीन हजारांवर जातो. दिवाळी झाली कीं देशावरचें गवत सुकूं लागतें, आणि त्याच सुमारास कोंकणांतलीं भातें कापून खाचरें मोकळीं होतात. एकीकडे चारा सरतो, दुसरीकडे तो उघडा पडतो. मग कांहीं कुटुंबांचा मिळून एक वाडा निघतो. वाडा म्हणजे इमारत नव्हे, तर एकत्र चालणारीं बिऱ्हाडें. कोणी वरंधा घाटानें महाडकडे, कोणी ताम्हिणीनें माणगांवकडे उतरतो. कांहीं पेणच्या खाडीकांठापर्यंत जातात. पाऊस लागण्यापूर्वीं मात्र परत घाट चढावाच लागतो, कारण दख्खनी मेंढी कोरड्या हवेची. कोंकणच्या चिखलांत तिचे खूर कुजतात.

या प्रवासाचा खरा भार बायकांच्या हातांवर असतो. पहांटे भाकऱ्या थापून झाल्या कीं पाल उतरतें, आणि भांडीं, धान्य, घोंगड्या घोड्यांवर चढतात. बांधाबांध अशी बेताची हवी कीं घाटाच्या वळणावर ओझें एका अंगाला कलूं नये. वर कोंबड्या, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें, आणि पुष्कळदां चालण्याजोगें न झालेलें मूलही. पुरुष कळप घेऊन चरत-चरत आडवाटेनें येतात. बायका घोडीं घेऊन सरळ मुक्कामाला पोंचतात, पाणी शोधतात, चूल मांडतात. गांवोगांवच्या शेतकऱ्यांशीं बोलणें करण्याचें काम वाड्याच्या कारभाऱ्याचें.

शेतकऱ्याशीं होणारा हा व्यवहार सरळ आहे. रात्रभर मेंढ्या त्याच्या शेतांत बसवावयाच्या. लेंड्या व मूत यांनीं जमिनीला खत मिळतें, आणि त्याबद्दल तो धान्य किंवा रोख रक्कम देतो. पाहुणा आणि यजमान दोघांचीही गरज भागते, म्हणून हा संबंध केवळ दयेवर अवलंबून राहिला नाहीं.

रात्रीं मेंढ्यांभोंवतीं वाघर म्हणजे दोरीचें जाळें लावतात. पण जाळें मेंढीला आंत ठेवतें. बिबट्याला किंवा लांडग्याला बाहेर ठेवण्याचें काम कुत्र्याचें. दिवसा सुस्त वाटणारें तें जनावर अंधार पडला कीं निराळेंच होतें. हौसेनें पाळलेल्या कुत्र्यासारखें तें मांडीवर बसत नाहीं, परंतु त्याच्या भुंकण्यावर सबंध वाड्याची झोंप विसंबलेली असते. घरांतल्या माणसांबरोबर त्याचीही भाकरी थापली जाते. धनगर ज्याला भजतो, आणि ज्यानें बाणाई ही धनगराचीच मुलगी वरली, त्या खंडोबाच्या मूर्तीजवळही कुत्रें असतेंच.

असें हें रम्य वाटणारें बिऱ्हाड आज पेंचांत सांपडलें आहे. ज्या वाटांवर घोडीं चालत, त्यांवर आतां जड वाहनें धांवतात. मुंबई-गोवा महामार्ग कळपासह ओलांडणें म्हणजे जिवाशीं खेळ. खाडीकांठची पुष्कळ जमीन कारखाने व वसाहती यांखालीं गेली. बिबट्यानें मेंढी मारल्यास भरपाईची तरतूद आहे, पण तींत पंचनामा येतो, आणि पंचनाम्यासाठीं थांबावें तर शेतकऱ्याशीं ठरलेला पुढचा मुक्काम चुकतो. २०१७ सालच्या महामेष योजनेंत वीस मेंढ्या व एक नर यांसाठीं अनुदान मिळतें. तें उपयोगाचेंच आहे. तथापि मेंढी देतां येते, तशी वाट देणें सोपें नाहीं, आणि वाटेवांचून मेंढी जगत नाहीं.

सर्वांत अवघड प्रश्न मुलांचा. शाळेचें वर्ष ऐन भरांत असतें, तेव्हां यांचें घर घाट उतरत असतें. मूल बरोबर न्यावें तर शिक्षण बुडतें. आजीपाशीं गांवीं ठेवावें तर आईला सहा-सात महिने तें दिसत नाहीं, आणि शिकून मोठें झाल्यावर तें कळपामागें येईलच असेंही नाहीं. कित्येक आयाच आतां म्हणतात कीं त्यानें येऊं नये. ओझें बांधण्याची कला, गवताची पारख, रात्रीच्या भुंकण्यावरून जनावर ओळखणारा कान, हें सारें त्या एका निर्णयाबरोबर संपूं शकतें. आणि तरीही त्या आईला दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे?

समुद्र पाहावयास जाणाऱ्याला परतल्यावर आपलें घर जागेवर सांपडतें. या बिऱ्हाडाला जाण्याचीही वाट लागते आणि येण्याचीही. यापुढें धाडच्या शिवारांत असो कीं पेणच्या खाचरांत, मेंढ्यांसाठीं गाडी थांबवावी लागली, तर खोळंबलेल्या माणसानें भोंगा वाजविण्यापूर्वीं घोड्यावरच्या त्या ओझ्याकडे एकदां पाहावें. त्यांत एक संपूर्ण घर असतें.