लग्न जुळवण्याची फी

दिवाळीनंतरची गोष्ट. कॉलेजातला दुपारचा तास आटोपून मी प्राध्यापकांच्या खोलीत चहा घेत बसलो होतो. इतक्यात दारात माझा एक जुना विद्यार्थी येऊन उभा राहिला. काटोलकडचा. पदवी घेऊन त्याला नऊ-दहा वर्षे झाली. घरी संत्र्याची बाग आहे, ती तो पाहतो. बस म्हटल्यावर बसला, चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलून झालं आणि मग खिशातून घडी केलेला एक छापील कागद काढून त्यानं माझ्यापुढं ठेवला. म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला अर्थशास्त्र शिकवत होते. याचा हिशेब करून द्या जी."

कागद एका वधुवर सूचक केंद्राचा होता. त्यात सभासदत्वाचे तीन प्रकार दिले होते. साधं सभासदत्व वर्षाला ३,००० रुपये. नाव यादीत येणार आणि यादी पाहायला मिळणार. 'विशेष' सभासदत्व १०,००० रुपये. केंद्राची माणसं आपणहून स्थळं सुचवणार. आणि तिसरं 'मार्गदर्शनासह', २४,००० रुपये. त्यात एक मार्गदर्शक मिळणार. फोटो कसा काढावा, कपडे कोणते घालावेत, पहिल्या भेटीत मुलीशी काय बोलावं नि काय बोलू नये, हे सारं तो शिकवणार. अंबिया बहाराचे पैसे नुकतेच हाती आले होते. मुलाचं वय एकतीस. तीन वर्षांत अकरा ठिकाणांहून नकार. "घेऊ का, सर?"

मी चटकन म्हणालो, "वेडा आहेस का? बोलायला शिकवायचे कुणी चोवीस हजार घेतं?" त्याचा चेहरा उतरला. त्यानं कागदाची घडी घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की, आपलं उत्तर पोट भरलेल्या माणसानं भुकेल्याला उपासाचे फायदे सांगावेत, तसलं आहे. माझं लग्न माझ्या आत्यानं धंतोलीत एका दुपारी जुळवलं होतं. मला त्यासाठी चहापोहे खाण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. मी त्याला म्हटलं, "थांब. आपण खरोखरच हिशेब करू." आज आपल्याशी बोलायचं आहे ते त्या हिशेबाबद्दल.

पहिली गोष्ट अशी की, लग्न जुळवण्याबद्दल पैसे घेणं हे काही आजचं नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला भद्रेश्वर दीक्षित आठवा. म्हाताऱ्या श्रीमंताला कोवळी मुलगी मिळवून देणारा हा मध्यस्थ. सौदा झाला की त्याला त्याचा वाटा. उलट त्याच काळात, १८९३ साली, आपल्या शेजारच्या वर्ध्याला धोंडो केशव कर्व्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. तीही लग्नांसाठीच झटणारी संस्था होती, पण तिथं दलालीचा प्रश्न नव्हता. म्हणजे लग्नातला मध्यस्थ दोन्ही प्रकारचा असू शकतो, हे आपल्याला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे.

आता भद्रेश्वराची आणि आजच्या केंद्राची तुलना करा. भद्रेश्वराला पैसे लग्न ठरल्यावर मिळायचे. म्हणून त्याला घाईचा लोभ. जोडी विजोड असो, अक्षता पडल्या म्हणजे झालं. आजचं केंद्र बहुधा पैसे आधी घेतं. तुमचं लग्न जमलं तर तुम्ही सभासद राहत नाही. नाही जमलं तर पुढच्या वर्षी पुन्हा फी भरता. म्हणून त्याला उशिराचा लोभ होऊ शकतो. सगळी केंद्रं लोभी असतात असं मी म्हणत नाही. तळमळीनं काम करणारी माणसं या क्षेत्रात आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखी तुटलेल्या शहरात त्यांचा मोठा आधार आहे. पण व्यवस्थेतच कोणता लोभ दडला आहे, हे पैसे देणाऱ्यानं आधी ओळखावं. फी एकदम वर्षाची मागितली, तर तीन महिन्यांची घेता का, असं विचारावं. काम चांगलं असेल तर पुढची फी आपण होऊन भरूच की!

दुसरा प्रश्न : या पैशात आपण नेमकं काय विकत घेतो? मी कागदावर चार गोष्टी लिहिल्या. यादी, खातरजमा, मध्यस्थी आणि शिकवणी.

यादी आज स्वस्त झाली आहे. जातीजमातींचे परिचय मेळावे आपल्या नागपुरात दरवर्षी होतात, त्यांच्या सूची छापल्या जातात. शिवाय मोबाईलवरची विवाहस्थळं आहेत. नुसत्या नावांसाठी फार पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खातरजमा मात्र मोलाची. मुलगा खरंच नोकरीत आहे का, आधीचं लग्न झालं होतं का, हे कुणी तपासलं असेल तर त्याचे पैसे जरूर द्यावेत. केंद्र सरकारनं २०१६ साली विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सभासदाची ओळख पटवून घ्यावी असं त्यांत सांगितलं आहे. परंतु ओळख पटणं वेगळं आणि माणूस पटणं वेगळं. ओळखपत्रावर नाव असतं. कर्ज, व्यसन, स्वभाव यांची नोंद तिथं नसते. ती चौकशी शेवटी आपल्यालाच करावी लागते, आणि मुलीकडच्यांनी तर दुप्पट करावी.

मध्यस्थीचं मोल माणसावर अवलंबून. केंद्रात गेलं की भिंतीवर लग्न जमलेल्या जोडप्यांचे फोटो दिसतात. माझ्या विद्यार्थ्यानंही ते पाहिले होते आणि तो भारावला होता. मी त्याला विचारलं, "अपूर्णांकात वरचा आकडा अंश आणि खालचा छेद. फोटो हा अंश झाला. छेद किती?" म्हणजे एकंदर किती जणांनी फी भरली, आणि त्यांतल्या किती जणांचं जमलं? वरचा आकडा शंभर असेल. पण खालचा दोनशे आहे की पाच हजार, यावर सगळं अवलंबून. हा प्रश्न केंद्रात सरळ विचारावा. जे सांगतील त्यांच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. जे हसून विषय बदलतील त्यांचंही उत्तर मिळालंच, असं समजावं.

मग आम्ही भागाकार केला. चोवीस हजारांत वर्षाला चाळीसेक नावं येतील असं केंद्रानं तोंडी सांगितलं होतं. त्यांतली प्रत्यक्ष भेटीपर्यंत सहा पोचली असं धरलं, तर एका भेटीला चार हजार रुपये पडतात. तो गप्प झाला. मग म्हणाला, "सर, बागेचा व्यापारी तरी झाडावरचा माल पाहून इसार देतो. मी तर काही न पाहताच सारे पैसे देऊन राहिलो." मी जे एका तासात समजावू शकलो नसतो, ते त्यानं एका वाक्यात सांगितलं.

आता चौथी गोष्ट, शिकवणी. माझं पहिलं उत्तर चुकलं ते इथंच. बोलायला शिकावं लागतं. मुलांची शाळा वेगळी, मुलींची वेगळी, कॉलेजात बाकांच्या रांगा वेगळ्या, अशा वातावरणात वाढलेला मुलगा एकतिसाव्या वर्षी एका अनोळखी मुलीसमोर बसतो आणि त्याला 'स्वयंपाक येतो का?' यापलीकडे प्रश्न सुचत नाही. यात त्याचा दोष थोडाच आहे? ऐकावं कसं, विचारावं काय, नकार आला तर तो पचवावा कसा, हे एखाद्या जाणत्या समुपदेशकानं दोन-तीन बैठकांत सांगितलं तर ते पैसे वाया जात नाहीत. ते लग्नानंतरही उपयोगी पडतात. पण त्यासाठी बैठकीगणिक फी द्यावी. आणि 'अमुक वाक्य बोला, मुलगी हो म्हणेलच' असं सांगणारा भेटला, तर चप्पल पायात घालून बाहेर पडावं. समोरची व्यक्ती कुलूप नव्हे, की किल्ली फिरवली आणि उघडलं.

शिवाय शिकवणीनं बदलत नाहीत अशाही गोष्टी आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागं ९२९ स्त्रिया होत्या. सहा वर्षांखालच्या मुलांत तर हजार मुलग्यांमागं ८९४ मुली. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. लोक हसले, पण त्या मोर्चाचं मूळ आपण आपल्या घरांतून नाकारलेल्या मुलींमध्ये आहे. कोणतंही केंद्र, कितीही फी घेऊन, जन्मालाच न आलेली मुलगी यादीत घालू शकत नाही.

आमच्या शास्त्रात या विषयावर एक प्रसिद्ध लेख आहे. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी जोड्या स्थिर कशा जुळवाव्यात याची रीत मांडली. शॅप्लींना त्या प्रकारच्या कामाबद्दल २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या रीतीत जी बाजू पुढं होऊन विचारते तिला तिच्या दृष्टीनं शक्य तितकी चांगली जोडी मिळते. वाट पाहत बसणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्याची सरशी, हा त्यातला धडा मुलींनीही घेण्याजोगा आहे. मात्र कागदावरच्या त्या लग्नांत आपली आवड कोणती, हे प्रत्येकाला नीट माहीत असतं. तुमच्या-माझ्या लग्नांत तीच पंचाईत असते.

इतकं झाल्यावर मी कागद परत दिला. तो उठला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सर, त्या मार्गदर्शकानं सांगितलं, की फॉर्मवर शेती लिहू नका. 'बिझनेस' लिहा. गावाचं नाव नका टाकू, नागपूर टाका. तसं लिहू का?"

श्रोतेहो, हिशेब इथं संपला. चोवीस हजारांचा प्रश्न उरलाच नाही. पैसे घेऊन आपलंच घर लपवायला शिकवणारं मार्गदर्शन फुकट मिळालं तरी महाग आहे. मी त्याला म्हटलं, "मुली शेतकऱ्याला नाही म्हणतात, त्याला कारणं आहेत. आईनं शेणगोठा, शेत आणि चूल तिन्ही कसं ओढलं, हे त्यांनी पाहिलेलं असतं. ते कारण तू 'बिझनेस' लिहून पुसणार नाहीस. तुझ्या घरी तिला काय करावं लागेल, काय करावं लागणार नाही, नोकरी करायची असली तर ती करता येईल का, हे आधी घरी आईवडिलांशी बोलून ठरव. मग तेच फॉर्मवर लिही."

जाता जाता कायद्याचं दोन शब्दांत सांगतो. फी भरण्यापूर्वी किती स्थळं, किती मुदतीत, काम न झाल्यास किती पैसे परत, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन घराबाहेर पडेपर्यंतही टिकत नाही. फसवणूक झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारशुल्क लागत नाही. बंगळूरच्या एका गृहस्थांनी मुलासाठी ३०,००० रुपये भरले, स्थळ एकही मिळालं नाही. २०२४ साली आयोगानं ती रक्कम भरपाईसह परत देण्याचा हुकूम केला. चौकशीसाठी ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. आणि फोनवरून ओळख काढून कुणी पैसे उकळले, तर वेळ न घालवता १९३० वर कळवावं.

माझ्या विद्यार्थ्यानं साधं सभासदत्व घेतलं. एका समुपदेशकाकडे दोन बैठका केल्या, त्यांची फी वेगळी दिली. फॉर्मवर लिहिलं : व्यवसाय, संत्र्याची शेती. त्यानंतर दोन ठिकाणी भेटी झाल्या. एकीनं नाही म्हटलं. दुसरीकडचं बोलणं अजून चालू आहे. जमेल की नाही, सांगता येत नाही. परवा त्याचा फोन आला. आवाज खुशीत होता. "सर, तिनं विचारलं, बागेला पाणी कुठून येतं. मी अर्धा तास सांगत होतो!"

मी म्हटलं, "छान. आणि तू तिला काय विचारलंस?"

फोनवर थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "रविवारी विचारतो, सर."