टेकडीचा फायदा कोणी मोजायचा?



हिरवाई माणसाला मानवते, हे सिद्ध करण्यात आता फारसा वेळ घालवायला नको. 1984 साली ‘सायन्स’ नियतकालिकात रॉजर उलरिक यांचा छोटासा अभ्यास आला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. तुलना अवघ्या 23 जोड्यांची होती. त्यानंतर या विषयावर ढिगाने लिहिले गेले. मला त्यात खटकते ते एवढेच की, फायदा कशाला म्हणायचे हे बहुतेक वेळा अभ्यासकच आधी ठरवून टाकतो.

पुण्याची वेताळ टेकडी घ्या. सकाळी फिरायला येणाऱ्याला विचारले तर तो रक्तदाबाचे सांगेल. पण पायथ्याशी गोखलेनगर आणि जनवाडी आहे. 1961 च्या पानशेत पुरात बेघर झालेल्या कुटुंबांना इथे वसवले गेले. तिथल्या बाईला टेकडी कशासाठी हवी? सरपणासाठी, पोरांना खेळायला, की दहा बाय दहाच्या खोलीतून तासभर बाहेर पडता यावे म्हणून? आणि संध्याकाळनंतर तिला तिथे जायची भीती वाटत असेल, तर ती भीती आपल्या पाहणीच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवायची? बूट घालून येणाऱ्यांचीच गणती करून आपण ‘लोकसहभाग’ हा शब्द वापरतो, ही आपली सवय.

याच टेकडीवरून नेण्याचे ठरलेल्या बालभारती–पौड फाटा रस्त्याच्या वादात नागरिकांनी झाडांच्या, पक्ष्यांच्या, पाण्याच्या नोंदी जमवल्या. ते काम मोलाचे आहे. फरक इतकाच की लढाईसाठी गोळा केलेल्या नोंदींत गैरसोयीचे उत्तर सहसा येत नाही. उदाहरणार्थ, गिरिपुष्प. मध्य अमेरिकेकडचे हे झाड वनीकरणात पुण्याच्या टेकड्यांवर सढळ हाताने लावले गेले. पावसाळ्यात गर्द दिसते, आपण खूश होतो. टेकडीचा मूळ स्वभाव मात्र उघड्या माळाचा, गवताचा, काटेरी झुडपांचा. चंडोलाला आणि तितराला तो माळ लागतो. लोकांना सावली आवडते आणि चंडोलाला ती नको असते. दोन्ही खरे. मग दरवर्षी जूनमध्ये खड्डे खणून रोपे लावणारे आपण नेमके कोणाचे भले करतो? हा प्रश्न वृक्षप्रेमींच्या बैठकीत विचारून पाहा. चहा लवकर येतो.

याउलट, प्रश्न लोकच ठरवतात असे उदाहरण गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचे. शहरातली टेकडी आणि गोंडांचे जंगल एक नव्हे, हे मान्य. पण तिथल्या अभ्यासगटाची रीत आपल्याला घेता येईल. प्रश्न गावाचा असतो. बाहेरचा जाणकार बोलावला तर तो माहिती देतो आणि निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. 2009 मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून गाव आपल्या जंगलाचा अभ्यास करत होते.

लोकांकडून नोंदी करवून घेण्याची सरकारी वाट यापेक्षा सोपी होती आणि म्हणूनच फसली. 2002 च्या जैवविविधता कायद्याने लोकजैवविविधता नोंदवही आणली. कल्पना उत्तम: जे लोक जाणतात ते लोकांनीच लिहायचे. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्या पूर्ण करायला 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, दंडाचा धाक आला आणि वह्या धडाधड भरल्या गेल्या. अनेक ठिकाणी ते काम कंत्राटावर गेले. गावाला वही आपल्या नावावर आहे हेही ठाऊक नाही, अशी अवस्था झाली. नोंदवही पूर्ण, लोक गायब.

दुपारच्या सत्रात आपल्या टेकडी-पाहणीच्या प्रश्नावलीचा मसुदा चर्चेला येणार आहे. मी तो वाचला. पहिलाच प्रश्न आहे, ‘आपण आठवड्यातून किती वेळा टेकडीवर येता?’ माझी सूचना अशी की हा प्रश्न मागे न्यावा आणि सुरुवात ‘टेकडीबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे?’ इथून करावी. आलेल्या उत्तरांवरून बाकीचे प्रश्न ठरवावेत, पाहणी करणाऱ्यांत पायथ्याच्या वस्तीतले निम्मे लोक असावेत आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. निष्कर्ष महापालिकेकडे जाण्याआधी त्या वस्तीत मराठीत वाचून दाखवावेत; तिथे खोडलेले वाक्य अहवालात राहता कामा नये. या अटींमुळे काम सहा महिने लांबेल असे संयोजक म्हणतात. लांबू द्या.